चमचा वाकडा करून बघा: सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत बाळाचं घरचं खाणं

माझ्या मोठ्या मुलाला मी दोन महिने वरणाचं पाणी पाजलं. अगदी मन लावून हां. डाळ मऊ शिजवायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, गाळ खाली बसला की वरचं पिवळं पाणी त्याच्या चांदीच्या वाटीत काढायचं, त्यात तुपाचा थेंब, आणि खाली उरलेल्या घट्ट डाळीची आमच्यासाठी आमटी. आठव्या महिन्यात वजनाचा काटा हलेना म्हणून डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी विचारलं काय काय देता, मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, म्हणजे डाळ तुम्ही खाताय आणि पाणी त्याला देताय.

तेव्हा राग आला होता, पण बरोबरच होतं त्यांचं. बाळाचं पोट असतं केवढं? वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली असा हिशोब धरतात, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळेला जेमतेम २४० मिली मावणार. तेवढ्या जागेत तुम्ही पाणी भरलं तर पोट गच्च, बाळ गप्प, आपल्याला वाटतं जेवलं, आणि अंगाला काही लागतच नाही. वरणाचं पाणी, भाताची पातळ पेज, भाज्यांचं गाळलेलं सूप, फळांचे रस, सगळ्यांची हीच गत.

म्हणून मी आता कोणालाही एकच गोष्ट सांगते, चमच्यात खाणं घ्या आणि चमचा वाकडा करा. पाण्यासारखं ओघळून गेलं तर पातळ आहे. चमच्याला धरून राहिलं आणि हळूच घसरलं तर बरोबर. धाकटीच्या वेळी मी पहिल्या दिवसापासून हे केलं आणि खरंच सांगते खूप फरक पडला, शिवाय रोज वेगळं काय करू ही डोकेफोड पण कमी झाली.

सुरुवात कधी आणि किती

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, घुटीही नाही. हे आमच्या घरात पटवायला मला फार त्रास झाला, कारण सहाणेवर उगाळून दोन वळसे देण्यात सगळ्यांना भारी समाधान असतं, पण उगाळलेलं नेमकं किती पोटात गेलं ते कळत नाही, सहाण धुतलीय कशी ते बघावं लागतं, आणि जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगीत जातं, ती काही शांत झोप नव्हे. उष्टावणाचंही तेच. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम, असं म्हणतात, पाचव्यात करायचा आग्रह झाला तर सरळ सातव्यातला मुहूर्त काढा, मामा तेवढ्यात कुठे जात नाही.

बाळ मान नीट धरतंय, आधाराने बसतंय, आपल्या ताटाकडे टक लावून बघतंय आणि तोंडात घातलेलं जिभेने लगेच बाहेर ढकलत नाहीये, की ते तयार आहे. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा, दोन-तीन पोह्यांचे चमचे, बस्स. हळूहळू आठव्या महिन्यापर्यंत दोन-तीन वेळा आणि प्रत्येक वेळी अर्धी वाटी (वाटी म्हणजे २५० मिलीची धरा, देवापुढची नव्हे). नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा अर्धी वाटी, मध्ये भूक दिसली तर काहीतरी छोटं. वर्ष झालं की पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा, आणि एक-दोनदा मधलं खाणं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही जमेल तसं. हे आकडे काही कोर्टाचा निकाल नाहीत, एखाद्या दिवशी दोन चमच्यांवर गाडी थांबते, दात येत असले की तर विचारूच नका.

खिमट, म्हणजे आमचा रोजचा आधार

सासूबाई चिपळूणकडच्या, त्या खिमट म्हणतात. माझी आई साताऱ्याची, ती नुसतं भरड म्हणते. दोघींचा वाद नावावरून, पदार्थ तोच.

दोन वाट्या तांदूळ (आंबेमोहोर किंवा इंद्रायणी असेल तर उत्तम, चिकट होतो आणि वास छान येतो, नसेल तर कणी घ्या, कणी स्वस्त पण आणि भरडायला पण सोपी) आणि एक वाटी मुगाची डाळ. दोन्ही तीन-चार पाण्यांनी धुवायचं आणि सुती पंचावर घरातच पंख्याखाली पूर्ण सुकवायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण, ओल राहिली की आठवड्यात वास येतो. मग मंद गॅसवर वेगवेगळं भाजायचं, एकत्र भाजलं तर डाळ करपते आणि तांदूळ कच्चा राहतो, मी आळस केलाय म्हणून सांगते. तांदूळ गुलाबीसर होऊन थोडे फुलायला लागले की काढा, डाळीचा खमंग वास सुटला की काढा, शेवटी त्याच गरम कढईत एक चहाचा चमचा जिरं. सगळं गार झालं की मिक्सरला बारीक रव्याइतकं भरडा. पीठ करू नका, पिठाच्या गुठळ्या होतात आणि बाळाला दाणा जिभेवर कळायला हवा.

शिजवताना दोन पोह्यांचे चमचे भरड, एक वाटी गार पाणी, आधी गार पाण्यात नीट कालवून मग गॅसवर. चिमूटभर हळद, अगदी नखभर हिंग. मंद गॅसवर आठ-दहा मिनिटं ढवळत राहायचं. गार झालं की हे अजून घट्ट होतं त्यामुळे गॅसवरून उतरवताना थोडं सैल वाटलं तरी घाबरू नका, आणि शेजारी उकळलेलं गरम पाणी ठेवा, लागलं तर चमचाभर घालता येतं. वरून एक चहाचा चमचा घरचं तूप. तुपाला कंजुषी नको, एका चमच्यात चाळीस-पंचेचाळीस कॅलरी असतात आणि जागा जवळजवळ काहीच घेत नाही, छोट्या पोटाला हेच तर हवंय.

तांदूळ आणि डाळ एकत्र का, तर तांदळात लायसीन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो तो डाळीत भरपूर, आणि डाळीत मेथिओनिन कमी ते तांदळात असतं. आपल्या आज्यांना ही नावं माहीत नव्हती पण वरण-भात माहीत होता.

पंधरा दिवस असंच जाऊ द्या, मग त्यातच लाल भोपळा किसून, कधी गाजर, कधी दुधी, कधी दोन-चार पालकाची पानं बारीक चिरून. मुगाऐवजी एखाद्या वेळी मसूर. भाजी वेगळी उकडून तिचं पाणी फेकायचं आणि मग कुस्करायची, असं अजिबात करू नका, खिमटातच शिजवा, जे काही पाण्यात उतरेल ते त्यातच राहील. बीट घातलं तर दुसऱ्या दिवशी लंगोट लाल दिसेल, मी रात्री साडेअकराला डॉक्टरांना फोन केला होता, तुम्ही करू नका.

वेळ नसेल तेव्हा आपल्या कुकरमध्येच एक छोटं भांडं ठेवायचं, मूठभर तांदूळ, अर्धी मूठ डाळ, चौपट-पाचपट पाणी, पाच-सहा शिट्ट्या. गुरगुट्या भात तयार. पळीने घोटला की झालं. बाळासाठी वेगळा स्वयंपाक करायलाच हवा असं काही नाही, फक्त त्याचा भाग मीठ-तिखट घालायच्या आधी बाजूला काढायचा, एवढं लक्षात राहिलं तर अर्धं काम संपतं.

नाचणी, आणि सत्त्वाबद्दल माझं थोडं भांडण

नाचणी सत्त्व म्हणून घराघरात दोन वेगळ्या गोष्टी करतात. एक म्हणजे नाचणी दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलत, वाटून, फडक्यातून चीक गाळून, तो खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून देऊन खालचा थर वाळवायचा. पांढरंशुभ्र दिसतं, पचायला हलकं असतं, पण त्यात मुख्यतः स्टार्चच उरतो. नाचणीचं कॅल्शियम (शंभर ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम, तृणधान्यांत पहिला नंबर) बरंचसं असतं सालात, आणि साल आपण फडक्यात टाकून दिलेलं असतं. इतकी मेहनत करून चांगलं तेच फेकायचं, मला नाही पटत.

दुसरी पद्धत मोड आणायची, ती मी करते. अर्धा किलो नाचणी निवडून, खडे बघून (नाचणीत खडे असतातच), पाच-सहा पाण्यांनी धुवायची, तळाला माती बसते ती जाऊ द्या. रात्रभर भिजवायची. सकाळी निथळून ओल्या सुती फडक्यात सैलसर बांधून ठेवायची, दिवसातून दोनदा फडक्यावर पाणी शिंपडायचं. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत दीड-दोन दिवस लागतात. पांढरे बारीक टोकाएवढे मोड आले की पुरे, लांब होऊ देऊ नका, आणि आंबूस वास आला किंवा बुळबुळीत झाली तर सरळ टाकून द्या, बाळाच्या बाबतीत वाया गेलं म्हणून हळहळायचं नाही. मग पसरून सुकवायची, उन्हात ठेवली तर वर पातळ ओढणी टाकायची. सुकली की हाताने चोळली की वाळलेले मोड सुटतात, ते पाखडून काढायचे. मंद गॅसवर हलकीशी भाजायची, दळायची, मलमलच्या फडक्यातून किंवा मैद्याच्या चाळणीने चाळायची. पहिले दोन महिने बारीक चाळा, नंतर चाळण सैल करा, थोडा कोंडा पोटात गेला तर चांगलंच.

मोड आणण्यात गंमत काय आहे ते मला फार उशिरा कळलं. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं आणि ते स्टार्च तोडतं. साध्या नाचणीच्या दोन चमचे पिठाची खीर चिकट गोळा होते, मग आपण पाणी ओतत बसतो आणि परत तीच पातळ पेज. मोडाच्या पिठाची खीर तेवढ्याच पाण्यात सैल राहते, म्हणजे त्याच वाटीत पीठ जास्त मावतं आणि बाळाला गिळायलाही जड जात नाही. पण हे एन्झाइम उष्णतेने मरतं, म्हणून भाजायची ती अगदी हलकी, आणि शिजवताना पीठ गार पाण्यात कालवून गॅस मंद ठेवून सावकाश गरम करायचं, तेवढ्या वेळात ते आपलं काम करून घेतं. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं तर काही उपयोग नाही, गुठळ्या होतील त्या वेगळ्या. नंतर व्यवस्थित सात-आठ मिनिटं शिजवायचंच, मोड आलेलं धान्य कच्चं ठेवायचं नाही.

गोडीसाठी गूळ घालू का? वर्षाच्या आत नको, आणि दोन वर्षांपर्यंत जितका टाळता येईल तितका टाळा. गूळ म्हणजे साखर नाही असं आपण आपल्याला समजावतो पण दातांना ते समजत नाही. पिकलेलं केळं कुस्करून घाला, नाहीतर एक-दोन खजूर गरम पाण्यात भिजवून, वाटून. गोव्यात नाचणीचं तिझन करतात नारळाच्या दुधातलं, ते गुळाशिवाय केळं घालून केलं तर धाकटी वाटी चाटून पुसून ठेवायची.

नुसती नाचणी रोज दोन्ही वेळेला देऊ नका, काही मुलांना खडा होतो. झालाच तर पपई, वाफवलेलं पेर, भिजवलेल्या मनुकांचं वाटण, आणि सहा महिन्यांनंतर उकळून गार केलेलं दोन-चार घोट पाणी जेवणासोबत.

लोहाचं विसरू नका

बाळ जन्माला येताना आईकडून लोह घेऊन येतं, तो साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि दुधात लोह फारच कमी. म्हणून वरच्या खाण्यात लोह हवंच, आणि इथे आपला नुसता भात-तूप-मीठ किंवा दूध-भात कमी पडतो. मसूर, मोड आणून सालं काढून शिजवलेली मटकी, हिरव्या पालेभाज्या, भिजवून खिरीत शिजवलेले चिमूटभर अळीव, खाणाऱ्यांकडे अंडं आणि चिकन, आठवड्यातून एकदा चमचाभर नीट शिजवलेली कलेजी. शाकाहारी खाण्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं, त्यामुळे ताट वाढताना वरणावर लिंबू पिळायची आपली पद्धत बाळालाही लावा, चार थेंब, गॅस बंद केल्यावर. लोखंडी कढई काढा माळ्यावरून, तिच्यात टोमॅटो घालून भाजी केली की थोडं लोह खाण्यात उतरतं, फक्त शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा नाहीतर काळं पडतं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आशाताईंकडून लोहाचं सिरप पण मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली, आणि बरेच लोक ते शौच काळी होते म्हणून बंद करतात. काळी होणारच, चालू ठेवा.

आणि चहा-बिस्कीट! आजोबांच्या मांडीवर बसून बशीतल्या चहात बुडवलेलं बिस्कीट, फोटो फार गोड येतो, मान्य. पण चहा लोह शोषू देत नाही, बिस्किटात मैदा आणि साखर, आणि त्यानंतर बाळ जेवत नाही ते नाहीच. आमच्याकडे यावरून दोन दिवस अबोला झाला होता. शेवटी आजोबांच्या बशीत मी मऊ इडलीचे तुकडे ठेवायला लागले, मांडी तीच, कौतुक तेच.

हे मात्र नाहीच

मध वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आपल्याला काही होत नाही पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. सोनं उगाळून मधातून चाटवायचं असेल तर तो कार्यक्रम वर्षानंतर. मीठ वर्षाच्या आत वेगळं घालायचं नाही, अळणी आपल्याला लागतं, त्याला चवच माहीत नाही तर अळणी कशाला लागेल. गाईचं-म्हशीचं दूध वर्षापर्यंत पाजायला नको, खिरीत थोडं किंवा घरचं दही चालतं. वर्षानंतरही दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या वर नको, दुधाने पोट भरलेली मुलं जेवत नाहीत आणि लोह कमी पडतं, आणि मग आपणच म्हणतो की जेवत नाही म्हणून दूध जास्त देते.

घशात अडकणाऱ्या वस्तू: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खं द्राक्ष, लाह्या, मखाणे, कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाची फोड, बोराची-जांभळाची बी. पाच वर्षांपर्यंत शेंगदाणे-फुटाणे अख्खे नकोतच. द्राक्ष उभं चार भागांत चिरा, सफरचंद वाफवा. खाताना बाळ बसलेलंच हवं, रांगताना-हसवताना घास नको. तोंड लाल करून आवाज करत उमाळा काढत असेल तर ते स्वतःच सांभाळतंय, खोकू द्या. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडायला लागले, तर पालथं हातावर घेऊन डोकं खाली, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापट्या, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, आणि तोवर कोणीतरी गाडी काढायची. घशात काही दिसत नसताना बोट घालून शोधू नका, अजून आत जातं. हे एकदा डॉक्टरांकडून प्रत्यक्ष बघून घ्या, वाचून तेवढं येत नाही.

शेंगदाण्याची भीती मात्र अख्ख्या दाण्यापुरतीच ठेवा. पूर्वी अ‍ॅलर्जीच्या भीतीने शेंगदाणा, अंडं उशिरा द्यायला सांगायचे. ब्रिटनमध्ये अ‍ॅलर्जीचा जास्त धोका असलेल्या ६४० बाळांवर अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात लहानपणीच शेंगदाणा सुरू केलेल्यांमध्ये पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी खूपच कमी दिसली. आपलं बारीक कूट खिमटात अर्धा चमचा, सकाळच्या वेळी, म्हणजे काही झालंच तर दिवसभर लक्ष राहतं. असे पदार्थ, म्हणजे शेंगदाणा, अंडं, गहू, मासे, एका वेळी एकच सुरू करा आणि दोन-तीन दिवस जाऊ द्या. बाळाला खूप इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. भोपळा-दुधीसाठी एवढी तपश्चर्या नको.

मासे खाणाऱ्यांसाठी, पापलेट सोपं, काटे कमी. वाफवून, बोटांनी दोनदा चाचपून मगच भातात. मुशीसारखे मोठे शिकारी मासे नको, त्यांच्यात पारा साठतो. अंडं पूर्ण उकडलेलं, पिवळं-पांढरं दोन्ही.

मिक्सर आवरा, पुरणयंत्र काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात असं माझं मत. सहाव्या महिन्यात एकदम मऊ हवं ते ठीक, पण मिक्सरमधून काढलेलं लोण्यासारखं गुळगुळीत वाटण वर्षभर देत बसलं तर मूल चावायला शिकत नाही, आणि मग दीड वर्षाचं पोर भाताचं शीत लागलं की उलटी काढतं. मोठ्याचं असंच झालं. धाकटीच्या वेळी मी मिक्सर भरडीपुरताच ठेवला आणि पुरणयंत्र काढलं. बारीक जाळीतून डाळ, भोपळा, सफरचंद, रताळं सुंदर निघतं, मऊ पण दाणेदार. आठव्या महिन्यात जाडी जाळी. नवव्या महिन्यापासून फक्त काट्याने किंवा हाताने कुस्करलेलं. दात नसले तरी हिरड्या भक्कम असतात, बोट घालून बघा म्हणजे कळेल.

याच वयात हातात धरायला द्या काहीतरी. वाफवलेल्या गाजराची बोटाएवढी फोड (दोन बोटांत दाबली की चिरडली पाहिजे), रताळ्याचा तुकडा, मुगाच्या धिरड्याची पट्टी, मऊ इडली. मुगाचं धिरडं: सालाची मूग डाळ चार तास भिजवून, जिरं आणि किंचित आलं घालून वाटायची, त्यात किसलेला दुधी, तव्यावर जाडसर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शिजवायचं. कडक करायचं नाही. घर घाण होणार, केसात भात जाणार. खाली जुनी चादर अंथरा आणि अंघोळ जेवणानंतर ठेवा.

वर्ष झालं की मग आपलंच जेवण. वरणात चुरलेली पोळी (अर्धा तास भिजू द्या आणि वर तूप), ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, दलियाची भाज्या घातलेली खिचडी, मऊ थालीपीठ, सांजा, दही-पोहे, मेतकूट-भात. मेतकूट घरचं असेल तर मुलांसाठी मिरची न घालता वेगळं थोडं काढून ठेवा, त्यात डाळी-तांदूळ-गहू सगळं असतं आणि आजारपणातून उठलेलं मूल हमखास खातं. आजारी असताना खाणं बंद नाही करायचं, थोडं थोडं पण जास्त वेळा द्यायचं, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे एखादं जेवण जास्तीचं.

खातच नाही तेव्हा

नवीन चव आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय मूल ती आपली मानत नाही. आपण दोनदा दिलं, तोंड वाकडं केलं, की जाहीर करतो याला पालक आवडत नाही. चार दिवसांनी परत द्या, चमचाभरच. मोबाईल दाखवून भरवलं की खातं खरं, पण आपण काय खातोय आणि पोट कधी भरलं हे त्याला कळतच नाही. मागे वाटी घेऊन गॅलरीतून बेडरूमपर्यंत धावणं पण बंद. वीस-पंचवीस मिनिटं, सगळ्यांबरोबर बसून, चिऊचा घास-काऊचा घास जितका करायचा तितका करा. मान फिरवली, तोंड घट्ट मिटलं की संपलं, उरलेले दोन घास कोंबायचे नाहीत. चिऊ-काऊ पण उपाशी राहत नाहीत.

प्रवास, डबा, उरलेलं

प्रवासात मी एक वाटी जाडे पोहे आणि पाव वाटी पंढरपुरी डाळं वेगवेगळं कोरडं भाजून, जिऱ्याबरोबर बारीक दळून डबीत नेते. थर्मासमधलं कडकडीत पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं, तूप घालून ढवळायचं. गावाला जाताना एसटीत बसून भरवलंय हे मी. केळं तर निसर्गानेच पॅक करून दिलंय.

शिजवलेलं खाणं खोलीत दोन तासांच्या वर ठेवू नका, भात तर नाहीच, त्यातल्या काही जिवाणूंचं विष परत गरम करूनही जात नाही. फ्रिजमध्ये लगेच ठेवलं तर एक दिवस, आणि परत गरम करताना वाफ येईपर्यंत, एकदाच. ज्या वाटीत उष्टा चमचा गेला त्यातलं उरलेलं ठेवायचं नाही, ते आईच्या पोटात जातं हे सगळ्यांना माहीतच आहे. दुधाची बाटली मी दोन्ही मुलांच्या वेळी वापरली नाही, वाटी-चमचा धुवायला सोपं, बाटलीच्या बुचात काय काय साठतं ते एकदा उघडून बघा.

भरड आणि नाचणीचं पीठ एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच करा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात बाहेर ठेवलं तर जाळी धरते, तेव्हा फ्रिजमध्ये, काचेच्या बरणीत, कोरडा चमचा बरणीतच ठेवून. आणि बरणीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा, कारण दोन्ही पिठं भाजल्यावर जवळपास सारखीच दिसतात आणि कुठलं कधी केलं ते रात्री झोपेतून उठून आलेल्या माणसाला आठवत नाही.